पाठीवर हात पडल्यावर

बावीस वर्षं मी शाळेत खो-खो शिकवतोय. उठायला उशीर करणाऱ्या पोराला या काळात मी सुस्तच म्हणत आलो. आठवीतल्या एकाला तर चपळाईच्या रकान्यात लागोपाठ दोन चाचण्यांत दहापैकी चार दिले.

गेल्या हिवाळ्यात शाळेचा मोबाइल स्टँडला लावून चौकोनाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला. स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. पाठीवर हात टेकल्यापासून पहिलं पाऊल उचललं जाईपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. शेजारच्या मुलीच्या ७२ भरल्या, आठवीतल्या त्या पोराच्या १५०. म्हणजे ती ०.३ सेकंदांत निघत होती आणि त्याला ०.६च्या वर लागत होते. उशीर होताच. पण चित्रफीत मागे-पुढे करताना दिसलं, की हात पडताच त्याची मान शेजारणीइतकीच चटकन वर येतेय. अडत होतं ते खाली. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, सगळं वजन मागे. आधी हातांनी जमीन रेटायची, मग अंग चवड्यांवर आणायचं आणि मग कुठे उठायचं. पोरगं सावध होतं, फक्त बसणं चुकत होतं. आणि ते दुरुस्त करणं माझं काम होतं. मी नुसते गुण देत राहिलो.

स्टॉपवॉचवरही आता माझा आंधळा विश्वास नाही. पन्नास मीटरच्या रेषेवर आम्ही दोघे शिक्षक उभे होतो, धावणारी मुलगी एकच, आणि घड्याळं म्हणाली ८.१ आणि ८.४. हाताने घेतलेली शंभर मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळाशी ताडताना ०.२४ सेकंद वाढवतात, ते उगाच नाही. आणि मी एक दशांशावरून श्रेणी बदलत होतो!

खेलो इंडियाच्या चाचण्या, म्हणजे ५० मीटर, ६०० मीटर, पुढे वाकणं वगैरे, मी मनापासून घेतो. मात्र बीएमआयसाठीचं वजन कधीच रांगेसमोर घेत नाही. एकदा आकडा मोठ्याने वाचला होता. ती मुलगी त्यानंतर दोन आठवडे खेळाच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून वर्गात बसून राहिली. आता खोलीचं दार लोटून एकेकाला बोलावतो, आकडा त्याला एकट्यालाच दाखवतो. चित्रीकरणालाही पालकांची लेखी परवानगी घेतो, आणि काम झालं की शाळा सुटायच्या आत चित्रफिती पुसतो. मुलांचं धडपडणं कुणाच्या मोबाइलवर फिरता कामा नये.

त्या पोराला चित्रफीत दाखवली ती कडुलिंबाखाली, उन्हात पडदा दिसेना म्हणून वहीचा आडोसा धरून. तीनदा पाहिली त्याने.

"सर, मी तर लगेच उठत होतो!"

"उठत होतास रे. बसायला चुकत होतास."

पुढचे दहा-बारा दिवस तो टाचा उचलून बसायचा सराव करत होता. मांड्या भरून यायच्या, तरी सोडला नाही. पुन्हा मोजल्या तेव्हा ९५ फ्रेम. त्या दिवशी चपळाईच्या रकान्यात मी आधीचा आकडा तसाच ठेवून शेजारी नवा लिहिला.

परवा सामानाच्या खोलीतून बाहेर आलो तर सातवीची पोरं चौकोनात बसलेली, आणि हा त्यांच्या बाजूला फक्कीत पालथा पडून, गाल जमिनीला लावून एकेकाचे पाय न्याहाळतोय. "टाच! अरे, टाच बघ तुझी!"