जुने काम, नवी नजर

रोजचे काम आणि कल्पकता यांचे हाडवैर आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. काम म्हणजे घाण्याला जुंपलेल्या बैलाची फेरी आणि कल्पकता म्हणजे रानात स्वैर बागडणारे हरिण! ही दोघे एका अंगणात नांदणार कशी? नोकरीच्या आरंभीच्या काळात मलाही हा प्रश्न फार छळत असे.

माझा व्यवसाय गणित शिकवण्याचा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते, हे मी दरवर्षी नव्या मुलांना सांगत आलो आहे. त्रिकोण तोच, खडू तोच आणि फळाही तोच. बदलतात ती केवळ बाकांवरची मुले. अशा कामाचा कंटाळा यायला कितीसा वेळ लागणार? आणि हा कंटाळा मोठा विलक्षण असतो. तो उगवतो शिक्षकाच्या मनात, पण त्याची कडू फळे चाखावी लागतात मुलांना! मी ते प्रमेय कितव्यांदा तरी सांगत असतो. समोरच्या मुलाला मात्र ते आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असते. त्या पहिल्या भेटीचा आनंद हिरावून घेण्याचा मला काय अधिकार? तेव्हा मन ताजे ठेवण्याचा उपाय शोधणे मला भागच होते.

पहिला उपाय मला वर्गातच सापडला. एके वर्षी मी कागदाचा एक त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे फाडले आणि ते एका रेषेवर शेजारी शेजारी जुळवून दाखवले. नेमका सरळ कोन तयार झाला. मुले खूश झाली. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “गुरुजी, हाच त्रिकोण चेंडूवर काढला तर?”

मी पृथ्वीचा गोल मागवला. विषुववृत्तावर एकमेकांपासून ९० अंश दूर असे दोन बिंदू घेतले आणि तेथून निघणाऱ्या दोन रेखावृत्तांवरून बोट फिरवीत उत्तर ध्रुवापर्यंत नेले. त्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन निघाले! बेरीज १८० नव्हे, २७० अंश! सपाट कागदावरचा नियम गोलावर चालत नाही, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून तो धडा मला जुना वाटेनासा झाला. काम सहसा शिळे होत नाही. त्याला प्रश्न विचारणे आपण थांबवतो आणि आपली नजर शिळी होते.

दुसरी गोष्ट मला माझ्या आईच्या रांगोळीने शिकवली. रोज पहाटे ती अंगणात सडा घाली आणि रांगोळी काढी. अंगण तेच, ठिपकेही तेच. पण ते जोडण्याची वाट मात्र रोज निराळी. कधी कमळ उमले, कधी कासव अवतरे. दुसऱ्या दिवशी सारे पुसले जाणार, हे ठाऊक असूनही तिचा हात कधी घाईने चालला नाही. ठिपक्यांची शिस्त तिच्या कल्पकतेला बेडी वाटली नाही. उलट, ठिपके होते म्हणूनच तिच्या रेषेला डौलाने वळता येत होते.

थोरांची चरित्रे वाचतानाही हेच प्रत्ययास येते. चार्ल्स डार्विन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८३७ साली गांडुळांविषयी एक निबंध वाचला आणि त्यांच्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले ते १८८१ साली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत त्याने जगाला हलवून सोडणारे मोठमोठे ग्रंथ लिहिले, परंतु गांडुळांविषयीचे त्याचे कुतूहल आटले नाही. त्यांना ऐकू येते की नाही, हे पाहण्यासाठी त्याने त्यांच्यासमोर पियानो वाजवून घेतला. गांडुळे ढिम्म! मग त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवल्या आणि एक सूर छेडला. त्यासरशी ती बिळात शिरली. आवाज ऐकू येत नसला, तरी कंप त्यांना जाणवत होता. सत्तरीच्या घरातील त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचे मन किती तरुण होते पाहा!

मात्र मनालाही विसावा हवा. डार्विन घराजवळच्या ठरलेल्या वाटेवर नित्य फेऱ्या मारी. हेन्री प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाची हकीकत तर प्रसिद्धच आहे. एका कोड्याशी तो दिवसच्या दिवस झगडला होता. पुढे प्रवासाला निघाला असताना गणित मनात नव्हते. गाडीच्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि त्याच क्षणी एक महत्त्वाची कल्पना त्याला अकस्मात सुचली. ही गोष्ट सांगितली की काही मुले लगेच विचारतात, “मग आम्हीही गणित सोडून फिरायलाच जावे काय?” मी म्हणतो, “जरूर जा. पण आधी त्याच्याइतके झगडून या!” विसाव्यात उगवते ते बीज कष्टाने आधी पेरलेले असते. ज्या शेतात पेरणीच झाली नाही, तेथे पाऊस कितीही पडला तरी उगवणार ते तणच.

बालमित्रांनो, तुमच्याही वाट्याला नित्याची कामे येतात. पाढे म्हणावे लागतात, शुद्धलेखन लिहावे लागते, विहिरीवरून वा नळावरून पाणी आणावे लागते. त्यांचा कंटाळा आला, तर ती टाकून पळू नका आणि दात-ओठ खाऊन उरकूही नका. नवाच्या पाढ्यातील प्रत्येक उत्तराचे अंक मिळवून पाहा: अठरा, सत्तावीस, छत्तीस... प्रत्येक वेळी नऊच का येतात बरे? उत्तर मी सांगणार नाही. तो आनंद तुमचा आहे.