क्रियापद नसलेली यादी

आमच्या संगमेश्वरच्या घरात माजघरातला पंखा खोलीच्या मधोमध नाही. वीतभर पूर्वेला सरकलाय, आणि त्याची वायर दिव्याच्या पॉइंटपासून प्लास्टिकच्या पट्टीतून छतावरून सरपटत येते. पहिल्यांदा आलेला पाहुणा चहा पिता पिता वर बघतो. मग मला खुलासा करावा लागतो, आणि तो यादीपासूनच सुरू होतो.

याद्या करायला मी आईकडून शिकले. तिची वाणसामानाची यादी फळीवरच्या डब्यांच्या क्रमाने उतरायची. पाठकोरा कागद मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात वरच्या फळीपासून चालत यायचं. तूरडाळ, पोहे, गूळ, काडेपेटी. डबा दिसला की जिन्नस आठवायचा. त्या यादीत कधी क्रियापद नसे. वाण्याला ते लागतही नाही, त्याच्याकडे करण्यासारखी एकच गोष्ट असते.

घर बांधायला काढलं तेव्हा हीच विद्या कमरेला खोचून मी उतरले. चिरे नगावर, खडी ब्रासवर, सिमेंट गोणीवर, सळई किलोवर. सळईच्या मिलिमीटरचा वर्ग करून त्याला १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं, हे मिस्त्रींनी शिकवलं. म्हणजे आठची सळई मीटरला ०.३९५ आणि दहाची ०.६१७. मला त्या भागाकाराचं वेडच लागलं. ट्रकच्या काट्याची पावती आली की मी वही घेऊन बसायची. माझ्या याद्या देखण्या होत्या, हे मात्र सांगायलाच हवं. समास आखलेले, जिन्नस निळ्या शाईत, टिका लाल.

स्लॅब मेच्या मध्यावर धरला होता. कोकणात घर बांधणाऱ्याचं खरं कॅलेंडर मिरगापासून मागे मोजलेलं असतं. गाळा साडेचार मीटरच्या आतला असला तर स्लॅबखालचे टेकू सात दिवस ठेवायचे, मोठा असला तर चौदा. त्याआधी सेंट्रिंग, सळई, वायरिंगचे पाइप, आणि नंतर आळी करून पाणी साठवायचं, तेही विहिरीने तळ दाखवलेल्या दिवसांत. सहाशे चौरस फूट, पाच इंची, बीम धरून ऐंशीएक गोण्या. सकाळी नारळ फुटला, मिक्सरने घरघर धरली, आणि घमेली हातोहात वर जाऊ लागली.

बांधकामातल्या इतर चुका निदान समोर उभ्या तरी राहतात. भिंत वाकडी गेली तर दिसते, पाडता येते. स्लॅबचं तसं नाही. सळईखालचे कव्हर ब्लॉक, पाइपांचे सांधे, बॉक्सांची तोंडं, सगळं ओल्या काँक्रीटखाली जातं आणि संध्याकाळी वर उरतो तो फक्त फळीने सारखा केलेला करडा चिखल. पुढची पन्नास वर्षं जे कोणाला दिसणार नाही, ते बघायला हातात एक सकाळ असते. त्या सकाळी मी वही घेऊन सळयांवरून तोल सांभाळत फिरले. माझ्या यादीत ‘फॅन बॉक्स, माजघर’ असं होतं. पुढे लाल टीक होती. मी पुढे सरकले.

टेकू निघाले, प्लाय उतरले, आणि माजघराचं छत तळहातासारखं कोरं निघालं.

बॉक्स सापडला पडवीतल्या पोत्यात. बिलासकट. टीक मीच केली होती, तो दुकानातून आला त्या दिवशी. वायरमनला वाटलं सेंट्रिंगवाले बांधतील, सेंट्रिंगवाल्यांना वाटलं वायरमन. “ताई, तुमची टीक होती ना?” मिस्त्री म्हणाले. आवाजात दोष नव्हता, तेच जास्त लागलं. नंतर ड्रिल मारून हूक लावायला घेतला तर दोनदा सळई आडवी आली. वीतभर सरकावं लागलं.

पुढे अतुल गावंडे यांचं २००९ सालचं ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ वाचलं. गावंडे अमेरिकेतले सर्जन, वडिलांचं गाव मात्र यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. ऑपरेशनच्या खोलीसाठी यादी शोधत ते बॉस्टनमधल्या एका इमारतीच्या कामावर जाऊन पोचतात. तिथे भिंतीवर कामांचा तक्ता असतोच, पण शेजारी दुसराही असतो: कोणी कोणाशी, कोणत्या तारखेपर्यंत, कशाबद्दल बोलायचं. ते पान मी दोनदा वाचलं आणि वर पंख्याकडे पाहिलं.

दोन वर्षांनी पडवीवर स्लॅब टाकायचा ठरला. या वेळी यादी अशी झाली: ‘वायरमनने बॉक्स सळईला तारेने बांधणे. बॉक्सचं तोंड कागदाने बुजवणे. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः हलवून बघणे. मगच टीक.’ मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून ती सगळी वाचली.

“ताई, ही यादी आहे का पत्र?”

बॉक्स तोच होता, पोत्यातला. संध्याकाळी शिडी लावून मी तो हलवून बघितला, हलला नाही. पडवीत अर्थात पंखा कधीच लागला नाही, खाडीकडचा वारा पुरतो. त्या हुकाला आई केळीचा घड टांगते.