भाडेकरूकडे कुत्रा-मांजर असेल तर खोली द्यावी का?

"डॉक्टर, भाडेकरू चांगला आहे, पण त्याच्याकडे कुत्रा आहे. खोली देऊ का?" भिगवणमध्ये हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो. पेपर मिल, बँका, शाळा यांमुळे आपल्या गावात बाहेरची कुटुंबे येत-जात असतात. दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या मीही भाड्याने देतो, त्यामुळे तुमची काळजी मला समजते.

एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही नकार दिला म्हणून कुत्रा गावातून नाहीसा होत नाही. कुठेच घर मिळाले नाही, की काही लोक नाइलाजाने त्याला हायवेच्या कडेला सोडून देतात. घरात त्याला दरवर्षी लस मिळत होती, ती आता थांबते. आणि त्याच रस्त्याने आपली मुले शाळेत जातात. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून लस दिलेला, मालकाच्या ताब्यातला कुत्रा मला बेवारस कुत्र्यापेक्षा कितीतरी सुरक्षित वाटतो.

अर्थात, होकार देताना अटी घाला. मी आधी लसीकरणाचे कार्ड पाहतो. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि नंतर दरवर्षी द्यावी लागते. जंताचे औषध साधारण दर तीन महिन्यांनी. गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, जिन्यात साखळी आणि घाण लगेच उचलणे, हेही आलेच. कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जाणारी जंतांची अंडी अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. या अटी तोंडी ठेवू नका, भाडेकरारात लिहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

मांजरांचे थोडे वेगळे. ॲलर्जी नुसत्या केसांची नसते. मांजराची लाळ आणि कातडीचे सूक्ष्म कण गाद्या-पडद्यांत बसतात आणि मांजर गेल्यावरही काही महिने राहतात. म्हणून खोली रिकामी झाली की पडदे धुवा, भिंती पुसा, रंग द्या, आणि नव्या भाडेकरूला आधीच्या मांजराची कल्पना द्या. त्यांच्यात कुणाला दमा असेल तर हे फार महत्त्वाचे. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची विष्ठा दुसऱ्याने, रोजच्या रोज साफ करावी. मांजर टाकून देण्याची गरज नाही.

नकार कधी द्यावा? तुमच्याच घरात कुणाला प्राण्यांमुळे दम्याचा त्रास होत असेल आणि जिना, अंगण सामाईक असेल, तर स्पष्ट नाही म्हणा. कुत्रा आधी कुणाला चावलेला असेल आणि मालक ते हसण्यावारी नेत असेल, तरीही नाही म्हणा.

आणि कुत्रा कुणाचाही असो, चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या. "घरचाच आहे, लस दिलेली आहे" असे म्हणून घरी थांबू नका. इंजेक्शन घ्यायचे की नाही, ते आम्हाला ठरवू द्या.