पुढचा भाग येईपर्यंत

गोष्ट कुठे थांबवावी, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांतले एक जण रेवदंड्यात आमच्या आळीतल्या देवळात उभे राहून कीर्तन करायचे. बाकीचे कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल नावाच्या गावात बसून व्हिडिओ गेम बनवायचे. त्यांची एकमेकांशी ओळख असायचं काही कारण नाही. सॅन राफेलच्या मंडळींना तर मीही ठाऊक नाही. पण आज गेमसाठी कथा, प्रसंग आणि संवाद लिहून मी पोट भरते ते या दोघांकडून घेतलेल्या विद्येवर. हे ऋण एकदा नीट मांडून ठेवावं, असं बरेच दिवस मनात आहे.

आमचं गाव अलिबागहून १७ किलोमीटरवर, पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत वसलेलं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं. गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत देवळात रोज रात्री कीर्तन असे. बुवा पंचक्रोशीतलेच, नारदीय पद्धतीचे. आधी पूर्वरंग, म्हणजे एखाद्या अभंगाचं निरूपण. मग मध्यंतरात नामाचा गजर, बुवांना हार, कपाळी बुक्का. त्यानंतर उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग मला नकोसा होई. मी आजीच्या मांडीवर खुशाल झोपून जायचे, आणि आख्यान सुरू झालं की आजी हलवून उठवायची, "ऊठ गं, गोष्ट लागली." अशी मी कितीतरी आख्यानं पूर्वरंगाशिवाय ऐकली. आपण अर्धंच कीर्तन ऐकतोय, हे तेव्हा कळत नव्हतं.

रामनवमीचं कीर्तन मात्र पूर्ण ऐकायचे, कारण ते सकाळी असे. जन्माच्या कीर्तनाला एक अट असते : दुपारी बाराच्या ठोक्याला रामजन्म झाला पाहिजे. पेटीवाले उशिरा येवोत, कुणा पाहुण्यांचा सत्कार मध्येच घुसो, दशरथाचा यज्ञ लांबो, बाराला गुलाल उडालाच पाहिजे आणि पाळणा हललाच पाहिजे. बुवांनी ही वेळ चुकवल्याचं मला आठवत नाही. कुठे काय गाळलं, कुठे एक साकी जास्तीची घेतली, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नसे. शाळेत असताना एकदा धीर करून विचारलं, "बुवा, तुम्ही घड्याळ कधी बघता?" ते म्हणाले, "घड्याळ समोर असतं गं, पण मी बायांच्या हातांकडे बघतो. पाळण्याच्या दोरीकडे हात जायला लागले की समजायचं, आता लांबवायचं नाही." मी मान डोलावली आणि सुंठवडा घ्यायला पळाले. त्या वाक्यात काय होतं ते उमगायला पुढची बरीच वर्षं गेली.

२०१२ साली मी पुण्यात कॉलेजात होते. मावसभावाच्या कॉम्प्युटरवर सॅन राफेलच्या त्या मंडळींचा, म्हणजे टेलटेल गेम्स या कंपनीचा 'द वॉकिंग डेड' पाहिला. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पाच भागांत तो आला. भाग साधारण दोन-अडीच तासांचा. आमच्या घोळक्यात गेमची किंमत तासांवर ठरे. साठ तासांचा गेम म्हणजे पैसे वसूल. माझंही मत तेच. दोन तासांत संपणारं आणि वर पुढच्या भागासाठी दोन महिने ताटकळत ठेवणारं हे काय प्रकरण, असं वाटलं होतं.

तिसऱ्या भागाने मला गप्प केलं. जगात मेलेली माणसं उठून चालू लागली आहेत. ली नावाचा एक माणूस क्लेमेंटाइन नावाच्या अनाथ झालेल्या मुलीला सांभाळतो आहे. लीचे निर्णय खेळणाऱ्याने घ्यायचे. त्या भागात आसरा जातो, आपल्यातलाच एक जीव आपल्यातल्याच माणसाच्या गोळीने जातो, आणि पुढे एका लहान मुलाची आई जाते, पाठोपाठ ते मूलही. मी त्या वेळी लिहीत असते तर लगेच पुढचा हल्ला आणला असता. गेम तसं करत नाही. सगळे ज्या आगगाडीने निघालेत तिच्यात पुन्हा चढतात, गाडी चालू लागते, आणि आपल्या हाती काम येतं ते क्लेमेंटाइनचे केस कापायचं. कुणी मागून धरू नये म्हणून. मग तिला बंदूक धरायला शिकवायचं. नकाशा उघडून कुठे जायचं ते ठरवायचं. बस, एवढंच. त्या डब्यात काहीही घडत नाही, आणि मला मात्र हुंदका आवरेना. आधीच्या तासाभरात जे गेलं ते सगळं त्या कात्रीखाली येऊन बसलं होतं. हा भाग शॉन व्हॅनमन यांनी लिहिला, हे नाव मी तेव्हा वहीत टिपून ठेवलं.

चौथा भाग ऑक्टोबरात आला. शेवटी लीला चावा बसतो आणि क्लेमेंटाइन नाहीशी होते. पाचवा यायचा होता नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. मध्ये दिवाळी. मी रेवदंड्याला घरी, आणि डोक्यात ते बिऱ्हाड. आजीने ओळखलं काहीतरी बिनसलंय. तिला सगळं सांगितलं, आपल्या पद्धतीने, मेलेल्यांची भुतं करून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तिने विचारलं, "मग त्या पोरीचं काय झालं?" मी म्हटलं, अजून आलं नाही पुढचं. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. नऊ रात्री रामायण ऐकणारी ती. सीतेला पळवून नेल्यावर उद्या रात्रीपर्यंत थांबायचं असतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती रोज विचारत राहिली, आणि स्वतःच अंदाज बांधू लागली. तो ली सांगेल का सोबतच्यांना की चावलंय म्हणून? सांगावं की लपवावं? गेममध्ये नेमका हाच निर्णय खेळणाऱ्याला घ्यायला लावला होता. दोन भागांमधला काळ मी रिकामा समजत होते, आणि आजी त्याच काळात गोष्ट खेळत होती.

पुढे ह. ना. आपट्यांबद्दल वाचताना हे पुन्हा आठवलं. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आधी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय होणार, याचा घोर तेव्हा किती घरांनी आठवडाभर वाहिला असेल.

२०१५ साली डोंटनॉड या फ्रेंच मंडळींचा 'लाइफ इज स्ट्रेंज' आला, तोही पाच भागांत, जानेवारी ते ऑक्टोबर. नायिकेला काळ मागे फिरवता येतो, त्यामुळे बोलण्यात चुकलं तर पुन्हा बोलता येतं. दुसऱ्या भागात बराच वेळ नुसतं हिंडायचं आहे. वसतिगृहाच्या खोल्या, भिंतींवरचे कागद, केट नावाच्या एका खचलेल्या मैत्रिणीचं टेबल, तिचा आलेला फोन घ्यायचा की नाही. मला वाटलं, भाग उगाच ताणलाय. आणि शेवटी केट जीव द्यायला गच्चीवर उभी असताना काळ मागे फिरवायची शक्तीच संपते. आता जे बोलाल ते एकदाच. तिच्या घरी तिच्यावर माया करणारं कोण आहे, हे मघाशी तिच्या खोलीत नीट पाहिलं असेल तरच हाताशी येतं. मी भरभर पुढे गेले होते. मला ते आठवलं नाही. पूर्वरंगात झोपणाऱ्याला आख्यान कळतं पण लागत नाही, हे मला त्या गच्चीवर कळलं.

नोकरी लागली ती पुण्यातच, एका लहानशा स्टुडिओत. माझा पहिला भाग चाचणीसाठी लोकांना खेळायला दिला, तर बरेचसे मध्यावरच उठून गेले. घटना भरपूर होत्या. संवाद वाईट नव्हते. कुणाला नेमकं काय खटकलं ते सांगता येईना. मी तसंच चैत्रात घरी गेले आणि बुवांच्या पाया पडायला गेले. ते थकले होते, पण रामनवमीला उभे राहत होते. त्यांनी चौकशी केली, मी सांगितलं.

"किती वेळाचं आख्यान?"

"दोन तासांचं."

"मग मध्यंतर कुठे ठेवलंस?"

"गेममध्ये मध्यंतर नसतं, बुवा."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोकांना वाटतं मध्यंतरात बुवा दम खातो. खातोच. पण पूर्वरंगातलं त्यांच्या आत उतरायला तेवढा वेळ लागतो. ते उतरलं नसेल तर पुढे हरिश्चंद्र रडला काय नि हसला काय."

आगगाडीच्या डब्यातलं केस कापणं म्हणजे मध्यंतर होतं, हे मी बुवांनाही सांगितलं. ज्या गोष्टीने मला रडवलं होतं तिचं नाव मला माझ्याच आळीत मिळालं. परत जाऊन मी दोन मोठ्या घटनांपैकी एक काढली आणि त्या जागी नायिकेला विहिरीवर पाणी शेंदायला लावलं. या वेळी माणसं शेवटपर्यंत बसली.

बाकीचं निसर्ग चक्रीवादळाने शिकवलं. ३ जून २०२०. टाळेबंदीमुळे मी रेवदंड्यातच होते. एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या, पिढ्यांनी लावलेल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, कौलं उडाली. कित्येक दिवस वीज नव्हती. दिवसा सगळे वाडीतला पसारा उपसत, आणि रात्री शेजारची पोरं ओटीवर येऊन बसत. मी त्यांना आमच्या नव्या गेमची कथा सांगायला घेतली. पडदा नाही, चित्र नाही, संगीत नाही. संथ जागी पोरं कंटाळतील असा माझा समज होता. ती तिथे अगदी स्थिर बसत. चुळबुळ सुरू व्हायची ती लागोपाठ दोन धक्के दिले की. दुसऱ्या धक्क्याला कुणीतरी पाणी प्यायला उठायचंच. मी घरातून आणलेल्या कंदिलाच्या उजेडात त्यांच्या हातांकडे बघायला शिकले.

टेलटेलने २०१८च्या सप्टेंबरात काम गुंडाळलं. क्लेमेंटाइनच्या शेवटच्या पर्वाचे चारपैकी दोनच भाग बाहेर आले. ती पोर अर्ध्यावर राहते की काय, असं वाटलं. पण स्कायबाउंड कंपनीने ते हाती घेतलं आणि नोकरी गेलेल्यांपैकीच काही जणांना बोलावून उरलेले दोन भाग पुरे करून घेतले. शेवटचा मार्च २०१९मध्ये आला. आजी तोपर्यंत राहिली नव्हती. शेवटच्या नामावलीतलं एकेक नाव मी तिच्या वतीनेही वाचलं.

आता पुष्कळ गेम सगळे भाग एकदम हाती देतात. 'लाइफ इज स्ट्रेंज'चंच २०२१चं 'ट्रू कलर्स' सगळ्या प्रकरणांसह एकाच दिवशी आलं. मला त्याचं वाईट वाटतं, हे लपवत नाही. मधले दिवस नसले की मधलं सगळं काम भागाच्या आतच करावं लागतं. म्हणून मी अजूनही प्रत्येक भागात एक डबा ठेवते, जिथे काही घडत नाही. तो काढून टाका, असं दर वेळी कुणीतरी सुचवतं, आणि मी त्यासाठी भांडते.

आमच्या गेमच्या नामावलीत विशेष आभारांमध्ये बुवांचं नाव घातलं. फोन करून त्यांना कळवलं. गेम म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ते गाडीतलं ज्यांनी लिहिलं, त्यांचं घातलंस ना?" त्यांचंही आहे. बुवांच्या खालीच आहे.