काळ्या दगडावरची रेघ

अल्-उलाजवळचा तो दगड काळा नाही, तांबूस आहे. वालुकाश्म. रेघ मात्र टिकली. सौदी अरेबियाच्या वायव्य वाळवंटात झुहैर नावाच्या कुणीतरी कोरून ठेवलं, की मी हे लिहिलं तेव्हा उमर (खलिफा) वारले, साल चोवीस. हिजरी २४, म्हणजे इ.स. ६४४. काही अक्षरांवर नुक्तेही नीट दिलेत. २००३ साली युनेस्कोने हा लेख ‘जागतिक स्मृती’च्या नोंदवहीत घेतला. हा झुहैर कोण, कुठे निघाला होता, देव जाणे.

‘काळ्या दगडावरची रेघ’ असं आपण छातीठोकपणे म्हणतो. पण ज्यांनी खरोखर दगडावर रेघा ओढल्या त्यांचा दगडावर एवढा विश्वास नव्हता. शिलाहार-यादवांच्या काळातल्या गद्धेगाळी बघा. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचं चित्र. दान मोडणाऱ्याला आईवरून अशी शिवी, की संग्रहालयातल्या पाटीवर तिचा अर्थ लिहिताना कुणाचाही हात अडखळावा. दगड होता, राजा होता, तरी शिवी लागलीच. आणि एवढं करून कित्येक गद्धेगाळी बांधावर आडव्या पडल्या. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचं साल शिलालेखांचे अभ्यासक तुळपुळे शके ९३४ वाचतात, इतरांना ते मान्य नाही. रेघ आहे, वाचनावरून भांडण आहे.

झुहैरने तर शिवीही दिली नाही. त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही म्हणून तो वाचला, असं मला वाटू लागतं. पण मग त्याच देशातल्या जेद्दाहचं काय? विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली गाणी आणि पठणं मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झाली. ती आज हॉलंडमध्ये, लायडनच्या ग्रंथालयात आहेत. मेण दर वेळी वाजवताना झिजतं. आणि न वाजवता नुसती ठेवून दिली असती तरी मुकीच राहिली असती. डिजिटल केली म्हणून ऐकू येतात. आणि त्या फाइलींना तर दगडापेक्षा जास्त जपावं लागतं. दर काही वर्षांनी नवी डिस्क, नवा फॉरमॅट, प्रती ताडून बघणं, त्यासाठी पगारी माणूस. हे एका पिढीने टाळलं की संपलं.

म्हणजे दुर्लक्षाने वाचतं की राखणीने? दोन्हींचे दाखले समोर आहेत.

सिंहगडावर कुणी तटाला नाव कोरताना दिसला, की मी आजही ओरडतो. फक्त हल्ली त्याने उलट झुहैरचं नाव घेतलं तर काय उत्तर द्यायचं, ते ठरलेलं नाही.