रात्रीच्या वाचकासाठी

म्हसळ्यात आषाढ लागला की भर दुपारी माजघरात अक्षर दिसेनासं होतं. राजपुरीच्या खाडीवरून ढग चढत येतात, ओटीपुढे पागोळ्या धरतात, आणि त्यात लाईट गेली की पुस्तक मिटावंच लागतं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर तर श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले.

अशा गावी वहिनीसाठी ई-रीडर निवडायचा आहे. घरात एक जुना, साधा, बटणांचा आहे. दुसरा, उजेडाचा टचस्क्रीन, विकत घ्यावा लागेल.

साध्याची बाजू लंगडी नाही. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. वीज मिळाली की कण वर-खाली सरकतात. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. मासळी धुतलेल्या ओल्या हातालाही बटण ओळखतं. टचस्क्रीनवर मात्र पागोळीचा थेंब पडला तरी पान उलटू शकतं. पण साध्याला उजेड बाहेरून लागतो, थेट कागदासारखा.

2012 साली आलेल्या पेपरव्हाइटनं किंडलमध्ये हा उजेड आत आणला. कडेचे बारीक एलईडी पानावर प्रकाश पसरतात. तो मोबाइलसारखा मागून डोळ्यांत शिरत नाही, पानावर पडून परततो आणि हवा तेवढा मंद करता येतो. 2016च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकांचं दालनही उघडलं.

म्हसळ्यातली कितीतरी घरं मुंबईच्या नाहीतर आखाताच्या पगारावर चालतात. माणूस तिकडे, घर बाईच्या अंगावर. वहिनीला वाचायला सवड मिळते ती भांडी घासून, झाकपाक झाल्यावर. तेव्हा बल्ब लावला तर पोरं चाळवतात, सासूबाई कूस बदलतात. मग तीच पुस्तक बाजूला ठेवते. दिवसाउजेडी निवांत बसता येतं त्याला साधा ई-रीडर पुरतो. जिला फक्त रात्र मिळते, तिचं वाचन दिव्यावाचून राहून जातं.

म्हणून मी उजेडाचाच घेणार. ते जास्तीचे पैसे चैनीचे नाहीत, तिच्या हक्काच्या तासाचे आहेत. आणि पुस्तकं आधीच भरून देणार, म्हणजे पावसात रेंज गेली तरी तिचं अडायचं नाही.