किल्ली कोठे टांगावी?

संगणकाच्या आज्ञावलीचा एखादा छोटा तुकडा कोठे ठेवावा, म्हणजे तो इतरांना सापडेल आणि पुन्हा वापरता येईल, हा प्रश्न वरकरणी साहित्याच्या विद्यार्थ्याचा नाही. तो संगणकतज्ज्ञांनी सोडवावा, असेच कोणीही म्हणेल. परंतु नवीन पनवेलमध्ये आम्ही चार-पाच जण सध्या ज्या कामात गुंतलो आहोत, त्याने हा प्रश्न आमच्यापुढे वाङ्मयीन प्रश्न म्हणूनच उभा केला. म्हणून हे टिपण.

काम तसे साधे आहे. १९९० च्या दशकात निघालेल्या एका अनियतकालिकाचे अंक संगणकावर जुळवलेल्या मूळ मजकुरावरून पुन्हा उपलब्ध करावयाचे. छापील प्रती विरळ झाल्या आहेत. पण संपादकांनी तबकड्या जपून ठेवल्या आहेत. तबकडी उघडावी, तर पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनोळखी चिन्हे यांची रांग तेवढी दिसते. त्या काळी श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींवर मजकूर जुळवला जाई. प्रत्येकीचा संकेत निराळा. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती दाखवण्याचे काम फॉन्ट करी. फॉन्ट गेला की कविता गेली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ सालीच, देवनागरीला स्थान मिळाले होते. मराठी मुद्रणव्यवहारात ते रुळायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. मधल्या काळातील मराठी साहित्याचा मोठा हिस्सा संगणकावर या जुन्या संकेतांत अडकून आहे.

त्याची सुटका करणारी गोष्ट अगदी लहान असते. कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर, याचा एक तक्ता आणि काही नियम. जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होई. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे लागतो. 'मूर्ती'तला अर्धा र 'ती'च्या आधी न्यावा लागतो. असे तुकडे अनेकांनी लिहिले, उदारपणे वाटलेही. आम्हाला मिळालेला तुकडा हिंदीसाठी लिहिलेला होता, आणि हिंदीला 'ऱ्या'मधल्या र-ची गरज नाही. परिणाम असा की एका कवितेतील सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला, आणि एका कथेत लग्नघरच्या आचाऱ्यांनी रांधलेली पंगत आचार्यांनी रांधली.

ही चूक आमच्यातील आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाला दिसली नाही. ती दिसली शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईंना. तुकडा ज्या ठिकाणी ठेवलेला होता तेथील सारा व्यवहार इंग्रजीत आणि तांत्रिक परिभाषेत. बाई म्हणाल्या, "चूक मला दिसते, पण ती सांगायची जागा दिसत नाही." आमच्या मते या प्रश्नाचे मर्म त्या वाक्यात आहे.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रकरण सर्वस्वी अपरिचित वाटू नये. महानुभाव पंथीयांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. हेतू ग्रंथांच्या रक्षणाचा होता आणि तो सफलही झाला. पार पंजाबपर्यंत पसरलेल्या मठांतून पोथ्यांच्या नकला होत राहिल्या, त्यामुळे ग्रंथ टिकले. परंतु किल्ली गुरूकडून शिष्याकडेच जात असल्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतले आद्य गद्य शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' छापून प्रसिद्ध केले. त्यानंतरच मराठी गद्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. नकला अनेक ठिकाणी असाव्यात, हा पंथाचा शहाणपणा आपण घ्यावा. किल्ली मोजक्या हाती असावी, हा त्यांच्या काळाचा नाइलाज आपला नाही.

आपण मात्र नेमके उलटे करीत आलो आहोत. किल्ली सर्वांसाठी खुली असल्याचे जाहीर करतो आणि ती एकाच खुंटीला टांगतो. ती खुंटीही दुसऱ्याच्या भिंतीवरची. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, गुगल कोड २०१६ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. ते उत्तम चालले आहे, पण मालक बदलू शकतो हे त्यातून दिसलेच. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईतील एका न्यायालयाच्या आदेशाच्या आधारे भारतात ३२ संकेतस्थळे रोखली गेली. कारण दहशतवादी प्रचाराचे होते. पण त्या यादीत कोडचे तुकडे ठेवण्याची गिटहबची 'गिस्ट' ही जागा होती, सोर्सफोर्ज होते आणि इंटरनेट अर्काइव्हही होते. त्यांपैकी अनेकांवरील बंदी लवकरच उठली. तरी एका आदेशाने साऱ्या किल्ल्या एकाच दिवशी दृष्टीआड होऊ शकतात, हे कळून चुकले. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने मागे घेतला, तेव्हा त्यावर विसंबलेले जगभरचे प्रकल्प काही काळ अडून बसले.

मग जागा कोणती? आमच्या चर्चेत तीन मते निघाली. तरुणाचे मत, जेथे सगळे जग कोड ठेवते तेथेच ठेवावे. दुसरे मत, विकिमीडियासारख्या सार्वजनिक संस्थेकडे द्यावे. तिने २०२३ मध्ये सुरू केलेल्या विकिफंक्शन्समध्ये अशा तुकड्यांना मराठीत नाव आणि वर्णन देता येते. तिसरे मत बाईंचे. त्यांना जागेशी कर्तव्य नव्हते. तक्ता मराठीत, उदाहरणांसह, वाचता येईल असा असावा, एवढाच त्यांचा आग्रह.

आम्ही तिन्ही मते स्वीकारली, पण क्रम उलटा लावला. प्रथम बाईंचा तक्ता: चिन्ह, अक्षर, उदाहरणाचा शब्द. 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारीशेजारी. त्यापुढे कोणालाही वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची लेखी अनुमती. कारण नुसते फुकट ठेवलेले मुक्त नसते, आणि अनुमतीवाचून सद्भावी माणूस हात लावत नाही. मूळ हिंदी तुकड्याच्या कर्त्याने अशी अनुमती देऊन ठेवली होती म्हणूनच आमचे काम होऊ शकले. त्याचे नाव सर्वांत वर आहे. त्यानंतर कोड गिटहबवर, आणि तेथून सॉफ्टवेअर हेरिटेज या २०१६ पासून जगभरचे मुक्त कोड जतन करणाऱ्या संग्रहात. शेवटी, अनियतकालिकाच्या संकलित खंडात हाच तक्ता परिशिष्ट म्हणून छापला जाईल. कागदावरचा तक्ता यंत्र चालवू शकत नाही, पण त्यावरून माणूस यंत्राला पुन्हा शिकवू शकतो.

आमचा तक्ता एकाच प्रणालीचा आहे. अशाच तबकड्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, छोट्या मुद्रकांच्या कपाटांत आणि बंद पडलेल्या नियतकालिकांच्या संपादकांच्या घरी असणार. त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांवरील फॉन्टाचे नाव तेवढे कोणी लिहून ठेवले आणि एखादे छापील पान सोबत जोडून ठेवले, तरी पुढच्या माणसाला तक्ता बांधता येईल.